ताटाची डावी बाजू

८ जुलै २००२, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं, रोज चार ओळी लिहा, डोकं चालतं राहील. म्हणून सुवर्णाने ही वही आणून दिली. वही कसली, वहीची चिंधी! पान इतकं अरुंद की चार शब्द लिहिले की ओळ संपली. पोरीला म्हणालो, दुकानदाराने तुला गंडवलं, पुढच्या वेळी उघडून बघून घे. तिने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. शिकलेल्या पोरींना चूक दाखवलेली आवडत नाही.

मी सावळीराम. धंदा वाढप्याचा. लोक वाढपी म्हटलं की नाक मुरडतात. मुरडोत बापडे. स्वयंपाक काय, कोणीही करतो; पाचशे माणसांची पंगत एका वेळी उठवणं हे कामच वेगळं. अठ्ठावीस वर्षं पंचवटीपासून सातपूरपर्यंत माझी टोळी वाढते आहे. नवीन पोरगा आला की पहिलं वर्ष त्याने फक्त मीठ वाढायचं. पानाच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाजी, उसळ, आमटी. याच्या उलट पान फक्त पितरांचं. एकदा एका पोराने बारशाला मीठ उजवीकडे वाढलं होतं. त्याला तिथल्या तिथे घरी पाठवला.

बारा मेला अशाच एका पंगतीत श्रीखंडाचं पातेलं माझ्या हातून पडलं आणि त्याच्यावर मी पडलो. डोक्यात जन्मापासून रक्ताच्या शिरांचं गुंतवळ होतं म्हणे, उजव्या बाजूला. ते फुटलं. वीस वर्षं डोकं दुखायचं ते मी भट्टीच्या धुरावर ढकलत होतो. कानात भट्टीच्या ब्लोअरसारखं घुं घुं व्हायचं, तेही धंद्याचंच दुखणं समजलो. आता डावा हात लोळागोळा आहे, डावा पाय ओढावा लागतो. बाकी मी ठणठणीत आहे.

सुवर्णाचं लग्न चोवीस नोव्हेंबरला. ओझरचं स्थळ, मुलगा कारखान्यात फिटर. विहिणीची पंगत मी वाढणार, माझ्या हाताने. हे मी सोयरीक जुळली त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोललेलो आहे. साडेचार महिने आहेत. तेवढे पुरेत.

१५ जुलै

सरूने आजही ताटात मीठ वाढलं नाही. चटणी नाही, लिंबू नाही. ज्याने जन्मभर लोकांना मीठ वाढलं त्याच्या ताटात मीठ नाही. विचारलं तर म्हणते, "हाये ना हो ताटात." मी ताट नीट बघितलं. भाजी, आमटीची वाटी, अर्धी पोळी. होय, अर्धी! ही बाई मूळची घोटीची, हात सढळ, दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नाही, आणि नवऱ्याला अर्धी पोळी वाढते.

रक्तदाबाला मीठ वाईट म्हणून करत असेल तर तोंडाने सांगावं. खोटं कशाला बोलायचं?

२ ऑगस्ट

महेश आला होता म्हणे. माझ्या बहिणीचा मुलगा, माझ्याच हाताखाली तयार झाला, आता टोळी तोच चालवतो. सरू म्हणाली, तासभर तुमच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसला होता. साफ खोटं. मी तासभर जागा होतो, खोलीत कोणी नव्हतं. त्याचा आवाज आला होता हे खरं, "मामा, मामा" करून. पण बाहेरून. तोंड दाखवायची हिंमत झाली नसेल. मामा खाटेवर पडला, आता टोळी आपली, हिशेब सोपा आहे. करा म्हणावं मजा. नोव्हेंबरात बघू.

१९ ऑगस्ट

डॉक्टरांकडे. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. काढलं. त्यांनी ते सरूला आणि सुवर्णाला दाखवलं, दोघींनी माना खाली घातल्या. मला म्हणाले, "तुम्ही डावी बाजू विसरता." मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, मी अठ्ठावीस वर्षांत एका पानावरचं लिंबू विसरलेलो नाही. ते हसले नाहीत.

मग खरी गोष्ट निघाली. गुंतवळ अजून डोक्यात आहे. फुटलं तेवढं मिटलं, बाकीचं कधीही पुन्हा फुटू शकतं. मुंबईला किरणांनी ते सुकवतात. सुकायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर काही भरवसा नाही. मी विचारलं, लग्नानंतर गेलो तर? ते म्हणाले, लवकर गेलेलं बरं. मी म्हणालो, डिसेंबर.

येताना रिक्षात सरू रडत होती. मला नुसता आवाज येत होता.

१० सप्टेंबर, गणेश चतुर्थी

नैवेद्याचं ताट. मोदक एक. अख्ख्या घरात मीच जड झालोय.

२७ सप्टेंबर

अजून राग उतरलेला नाही. पण लिहून ठेवणार. माझ्या मागे कोणाला तरी कळू दे.

पितृपक्ष चालू आहे. दुपारी सरूने पुढ्यात ताट ठेवलं. मी बघितलं तर मीठ! चटणी! लिंबाची फोड, कोशिंबीर, सगळं एकदम. दोन महिन्यांनी. क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, सगळं उजवीकडे आहे. भाजीचा पत्ता नाही. मीठ उजवीकडे!

माझ्या घरात, माझ्या बायकोने, पितृपक्षात, मला पितरांचं पान वाढलं. जिवंतपणी.

मी ताट भिरकावलं. एक हात धड आहे, तेवढा पुरला. म्हणालो, एवढी घाई झाली असेल तर रामकुंडावर नेऊन ठेव, कावळा तरी शिवेल. सुवर्णा धावत आली. सरू भिंतीला टेकून उभी असावी, मला दिसली नाही, पण तिचा आवाज आला, "अवो डाक्टरांनी सांगितलं व्हतं, उजवीकडं ठेवा म्हणून. माझ्या डोक्यातच नाय आलं वो. देवाशप्पथ नाय आलं."

डोक्यात नाही आलं! वाढप्याची बायको, आणि डोक्यात नाही आलं.

२८ सप्टेंबर

जेवलो नाही. पाणी घेतलं. सरूही जेवलेली नाही असं सुवर्णा सांगते. ज्याचं त्याने बघावं.

२९ सप्टेंबर

मला वाटतं मी वेडा झालोय. नाही तर त्याहून वाईट काही तरी आहे.

सुवर्णा ताट घेऊन आली. म्हणाली, "नाना, भांडू नका. फक्त बघा." ताट ठेवलं. नेहमीचंच. भाजी, आमटी, अर्धी पोळी. विचारलं, "मीठ कुठंय?" मी म्हणालो, नाहीये. तिने ताटाला हात लावला आणि ते जागच्या जागी फिरवलं, जातं फिरवावं तसं, अर्धा फेरा.

मीठ आलं. चटणी आली. कोशिंबीर, लिंबू, लोणचं, पापड, उरलेली अर्धी पोळी. आणि भाजी गेली.

मी तिला पुन्हा फिरवायला लावलं. भाजी आली, मीठ गेलं. पाच-सहा वेळा फिरवलं असेल. ताटात कोणी काही टाकत नव्हतं, कोणी काढत नव्हतं. मी विचारलं, हे रोज होतं? सरू म्हणाली, "रोज. रोज वाढत व्हते, रोज तसंच उरत व्हतं. तुमच्या ताटातलं मीच खात व्हते मागनं."

मग सुवर्णाने ही वही पुढे धरून फिरवली. प्रत्येक पानाचा अर्धा भाग कोरा. वही अरुंद नाही. वही चांगली लांबरुंद आहे.

महेश तासभर बसला होता.

आंधळ्याला निदान माहीत असतं की आपल्याला दिसत नाही. मला तर सगळं भरलेलं दिसतं, कुठे भोक नाही, कुठे अंधार नाही. जग अर्धं झालंय आणि कापल्याची खूण नाही. मी सरूला काय काय बोललो.

३ ऑक्टोबर

सुवर्णाने प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून दिली आहे. लाल रेघ दिसेपर्यंत मागे मागे जायचं, मग लिहायला लागायचं. हे वाक्य मी रेघेपासून लिहिलं. घाम फुटला. दुसऱ्या ओळीला रेघ पुन्हा पळाली.

दुपारी कोणी नसताना पत्रावळ मांडली. पाटावर बसलो आणि पुढ्यातलं पान वाढलं, डोळे मिटून येतं ते. सुवर्णा आली तेव्हा विचारलं, कसं झालंय? तिने नुसतं पत्रावळीकडे बोट केलं. मग मी स्वतःच पत्रावळ फिरवून बघितली. अर्धं पान रिकामं. आणि मीठ, चटणी, लिंबू, सगळं उजवीकडे ढकललेलं. मी सरूला ज्याच्यासाठी ताट फेकून मारलं, तेच पान मी स्वतः माझ्या हाताने वाढलं होतं. पितरांचं.

चोवीस तारखेला चिमणाबाईंच्या, म्हणजे ओझरच्या विहीणबाईंच्या पुढ्यात हे पान गेलं तर? तोंडाळ बाई. पोरीच्या साखरपुड्यात बासुंदीला वेलची कमी म्हणून तिने चारचौघांत बोलून दाखवलं होतं. मुलीच्या बापाने मंडपात मेलेल्याचं पान वाढलं! सुवर्णाला ते घर जन्मभर ऐकवेल. चुकलं माझंच, सगळ्यांसमोर बोलून बसलो.

६ ऑक्टोबर, सर्वपित्री

काल महेशला निरोप पाठवला, पंगत तू वाढ. मी मंडपात येणारही नाही. त्याने उलटा निरोप धाडला, मामा असं काय करता. करतो ते बरोबर करतो. लुळ्या माणसाने पंगतीत कडमडू नये.

मग आज सकाळी एकटाच काठी घेऊन निघालो, रिक्षा केली, रामकुंडावर गेलो. सर्वपित्रीमुळे मुंगीला शिरायला जागा नव्हती. पिंड, कावळे, भटजींची हाकाटी. पायरीवर बसलो. खरं ते लिहितो, परत यायचं ठरवून गेलो नव्हतो. डोक्यात एवढंच होतं की गुंतवळ आज ना उद्या फुटणार, तर लग्नाच्या आधी फुटण्यापेक्षा आणि लग्नात फुटण्यापेक्षा आज मी आपणहून गेलो तर सुतक तेरा दिवसांत फिटेल आणि चोवीस तारीख मोकळी राहील. हिशेब अगदी चोख वाटत होता. दोन पायऱ्या उतरलो. पाणी घोट्याला लागलं. उजव्या घोट्याला, डाव्याचं मला कळत नाही.

पुढची पायरी उतरवेना. डावं अंग जागचं हलेना, कोणी खिळवून ठेवल्यासारखं. भ्यालो असेन. बराच वेळ तसाच उभा राहिलो आणि मग रडू आलं, भर गर्दीत, लहान पोरासारखं. मरणंसुद्धा एका अंगाने जमत नाही. कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही. आज तिथे सगळेच रडतात.

घरी आलो तर सरूच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. विचारलं तर म्हणाली, धुणं धूत व्हते. सर्वपित्रीच्या दिवशी धुणं काढायची हिला काय हौस!

२० ऑक्टोबर

नियाजभाई आला. मंडप, भांडी, पाट भाड्याने देतो. वीस वर्षांची दोस्ती. आजारात चार वेळा येऊन गेला म्हणे. आता मला कळलंय की येणारा कुठे बसतो ते महत्त्वाचं, म्हणून आज त्याला उजवीकडे बसवला.

त्याला सगळं सांगितलं. पत्रावळ मांडून दाखवली. मी पाटावर बसलो आणि पुन्हा तेच झालं, मीठ उजवीकडे. तो दाढी खाजवत बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, एक इचारू? रागावू नका. तुम्ही गिऱ्हाईक हाये का वाढपी?"

मी म्हणालो, म्हणजे?

"गिऱ्हाईक बसतंय. वाढपी समोर उभा राहतोय. तुम्ही बसून काय वाढता? चला, उठा."

त्याने आणि सुवर्णाने मला उठवून पानाच्या पलीकडे, समोरून उभं केलं. नियाजभाई पाटावर बसला, गिऱ्हाईक होऊन. मी वाकलो. आणि हात आपोआप गेला. जेवणाऱ्याची डावी ती समोरच्या वाढप्याची उजवी! अठ्ठावीस वर्षं रोज करत आलो आणि हे मला सुचू नये? मीठ जागेवर पडलं. लिंबू जागेवर. चटणी, कोशिंबीर, लोणचं, एका रेषेत.

भाजीचं विचारू नका. ती बाजू माझ्यापुरती नाहीच. पण नियाजभाई म्हणाला, "भाजीला पन्नास लोक मिळतील. मीठ सांभाळा तुम्ही."

मीठ. पहिल्या वर्षाच्या पोराचं काम. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी खरं सांगतो, पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

६ नोव्हेंबर

दिवाळी आली तशी चालली. रोज सराव. एका हातात मिठाचं भांडं धरून दुसऱ्याने वाढायचं तर हात दोन लागतात. नियाजभाईने गळ्यात अडकवायचा पट्टा लावून एक ताटली करून दिली, पानपट्टीवाले फिरतात तसली. त्यात मीठ, लिंबू, चटणी. काठी मात्र धरता येत नाही. काठीशिवाय तीन पावलं जातो आणि डावा गुडघा दगा देतो. काल पडलो, लिंबं खाटेखाली गेली. आज पुन्हा पडलो. बावीस पानं वाढायची आहेत.

सरू म्हणाली, "मी धरते तुमास्नी." मी म्हणालो, मुलीच्या बापाला बायको धरून चालवतेय हे ओझरकरांना दाखवायचंय का? ती खाली पडलेली लिंबं वेचायला लागली.

आणखी एक. हे कोणाला सांगितलेलं नाही. कानातला ब्लोअर पुन्हा सुरू झालाय. सकाळी जास्त. परवा डोकं असं ठणकलं की दात आवळून बसलो. डॉक्टर कळलं तर उद्याच मुंबईला पाठवतील. अठरा दिवस. डोक्यातल्या गुंतवळा, पन्नास वर्षं गप्प बसलास, अठरा दिवस आणखी बस.

१७ नोव्हेंबर

महेशशी भांडण. तो उजवीकडेच बसला होता, त्यामुळे तोंडावर भांडता आलं. म्हणाला, "मामा, विहिणीची पंगत आहे. तुम्ही मधेच पडलात तर? नवरीच्या बापाला मंडपातून उचलून न्यायचं का आम्ही?" मी म्हणालो, तुला मीठ वाढायला कोणी शिकवलं? म्हणाला, तुम्ही. मी म्हणालो, मग माझी परीक्षा तू घेऊ नकोस. त्याचे डोळे भरले. इतके दिवस त्याच्याबद्दल काय काय लिहिलंय मी. ती पानं फाडणार होतो, सुवर्णा म्हणाली, राहू द्या.

शेवटी सरूच बोलली. "त्यांना वाढू दे महेश. पडायचं नाय ते. मी बघते." हिला कसं माहीत?

२३ नोव्हेंबर

हळद झाली. पोर पिवळी पिवळी होऊन समोर उभी राहिली आणि मुद्दाम माझ्या उजवीकडे आली. पाया पडली. मी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. डोकं सकाळपासून ठणकतंय. देवा, मला नंतर कसंही ने, हवं तर अर्ध्या घासावर ने. उद्या नको.

२५ नोव्हेंबर

झालं. लिहितो. सावकाश लिहितो, लाल रेघेपासून, सगळं.

अक्षता पडल्या, मग पंगती. शेवटी विहिणीची. केळीची पानं, भोवती रांगोळी, उदबत्त्या. ओझरच्या बावीस बायका एका ओळीत, मधोमध चिमणाबाई, नाकात नथ आणि कपाळाला आठ्या. महेशने मला ओळीच्या टोकाला नेऊन उभं केलं. आम्ही आधीच ठरवलं होतं, मी नेहमी उजवीकडेच सरकायचं, म्हणजे पुढचं पान मला दिसत राहील. गळ्यात ताटली. काठी महेशने काढून घेतली. मला वाटलं, संपलं, आता तिसऱ्या पावलाला मी पडतो.

नाही पडलो.

पहिलं पान. मीठ. चिमूटभर, बोटांनी टेकवलं. लिंबाची फोड. चटणी. सरकलो. दुसरं पान. गुडघा लटपटला आणि सावरला. तिसरं. चौथं. पाय कसा कोण जाणे, आपला आपण उचलला जात होता. सहा महिन्यांत असा चाललेलो नाही. मागून महेशची पोरं कोशिंबीर, भाजी, उसळ घेऊन येत होती ते ऐकू येत होतं, पण मी मान वर केली नाही. माझं लक्ष फक्त मिठावर.

अकराव्या पानाला कानातला ब्लोअर इतका वाढला की बायकांची गाणी ऐकू येईनात. बारावं पान चिमणाबाईंचं. मी वाकलो. मनात आलं, सावळीराम, तुझी उजवी, तिची डावी. तुझी उजवी, तिची डावी. मीठ ठेवलं. त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या ताटलीकडे बघितलं, आणि मग माझ्या बाजूला कुठे तरी बराच वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, आता बोलणार. त्यांनी नथ सावरली आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, मीठ बेताचं अन् जागेवर पडलं. आमच्याकडं एवढं नीट कोणी वाढत नाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी कशाला आलं ते मला समजलं नाही. उदबत्तीचा धूर असेल.

बावीस पानं. काठीशिवाय. कोणाचा हात न धरता. शेवटच्या पानाला नियाजभाई मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसत होता, ते मला दिसलं, कारण तो उजवीकडे होता.

एकच मनाला लागलं. एवढ्या पंगतीत सरू कुठे दिसली नाही. एकदाही नाही. नवरा जन्माची लाज राखत होता आणि ही कुठे कोठीघरात पापड मोजत बसली असेल! रात्री विचारलंही. म्हणाली, "व्हते की तिथंच." बास. पोर सासरी गेली, घर भुतासारखं झालं, म्हणून जास्त बोललो नाही.

२ डिसेंबर

परवा मुंबईला निघायचं. डॉक्टरांना सगळं सांगितलं, ब्लोअरचं, दुखण्याचं. खूप रागावले. म्हणाले, तुमचं नशीब. किरण दिले तरी दोन वर्षं जीव टांगणीला. आता घाबरायला मोकळा झालोय आणि घाबरलो आहे. सकाळी दाढी करतानासुद्धा वाटतं, हे शेवटचं तर नाही? झोपताना वाटतं, उठलो तर काय उरलेलं असेल? अर्ध्याचं अर्धं? सरू विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

सुवर्णा आणि जावई आले होते, लग्नाचे फोटो घेऊन. एक फोटो विहिणीच्या पंगतीचा. मी ओणवा झालोय, गळ्यात ताटली, बोटांत मीठ, समोर चिमणाबाई. माझ्या शेजारी कोणी नाही. छान आलाय. म्हणालो, याला चौकट करून लावा, सावळीराम एकटा चालला होता याला पुरावा राहील.

सुवर्णा काही बोलली नाही. जुलैत वही देताना अशीच गप्प होती. मग म्हणाली, "नाना, फोटो फिरवा."

मी फोटो उलटा धरला. माणसं सगळी डोकं खाली, पाय वर. आणि उजवीकडे सरू आली. नवी हिरवी साडी कमरेला खोचलेली. माझा लोळागोळा डावा हात तिने स्वतःच्या मानेवरून घेतलेला, आणि तिचा एक हात माझ्या कमरेला. तिचा पाय माझ्या डाव्या पायाला भिडलेला, माझं पाऊल ती तिच्या पावलाने पुढे ढकलत होती. माझा सगळा भार तिच्या खांद्यावर. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ आवळलेले. चिमणाबाई फोटोत मिठाकडे बघत नाहीयेत, तिच्याकडे बघताहेत.

बावीस पानं ती अशी चालली. ओझरच्या सगळ्यांनी बघितलं, मंडपभर सगळ्यांनी बघितलं. मला सोडून.

मी विचारलं, "आणि रामकुंडावर?" सरू सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी धुणंच धूत व्हते."

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडलो. म्हणालो, परवा गाडीत तू माझ्या उजवीकडे बस, मला तुला बघायचंय. जाईपर्यंत बघायचंय.

ती म्हणाली, "डाव्या अंगाला वाट हाये. येणारे जाणारे धक्के देतील, तुमचा हात लोंबत राहील अन् तुमास्नी कळायचं बी नाय. मी तिकडंच बसते."